अण्णांच्या हातातला फोन काढून घेऊ नका

पत्र:

"माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. आई आणि ते कराडला असतात, मी डोंबिवलीला. त्यांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी चालू होती. मागच्या महिन्यात लॅबचा रिपोर्ट त्यांच्या मोबाइलवर आला. त्यात किडनीच्या कामाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन १.४, ठळक अक्षरांत. त्याच आठवड्यात प्रीतिसंगमावर फिरायला येणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर कुणी तरी व्हिडिओ टाकला, मधुमेहाच्या गोळ्या किडनी खातात म्हणून. अण्णांनी कुणालाही न सांगता गोळी बंद केली आणि सकाळी कारल्याचा रस सुरू केला. मला हे ३ आठवड्यांनी कळलं. मी खूप चिडले. तिथे जाऊन त्यांच्या फोनमधून व्हॉट्सअॅप काढलं, यूट्यूब बंद केलं. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. आईची तऱ्हा वेगळी. जरा काही दुखलं की रात्री फोनमध्ये बघते आणि रडत बसते. या दोघांना चुकीच्या माहितीपासून लांब कसं ठेवू?"

— एक वाचक, डोंबिवली

प्रिय ताई,

आधी गोळीचं बघू, फोनचं मागाहून. अण्णांची गोळी अजून बंद असेल तर आजच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा. किती दिवस बंद आहे आणि रस किती घेतात, दोन्ही सांगा. जमल्यास आजच उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या. "उद्यापासून पुन्हा जुनी गोळी चालू" असं मात्र घरच्या घरी ठरवू नका. ग्लिमेपिराइड साखर चांगलीच खाली आणतं. त्यात रिकाम्या पोटी कारल्याचा रस आणि भीतीपोटी अर्धीच भाकरी, असं जुळून आलं तर साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. वयस्कर माणसात ती "थकवा असेल" म्हणून सोडून दिली जातात. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर ताबडतोब साखरेचं पाणी द्यायचं आणि मग डॉक्टरांना फोन करायचा. आईंना हे आजच सांगून ठेवा.

आता तुमचा प्रश्न. लांब कसं ठेवू, असं तुम्ही विचारता. मी म्हणेन, लांब ठेवू नका. शेजारी बसा.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात दर गुरुवारी मोबाइलचा वर्ग घेते. तिथे एक निवृत्त पोस्टमन येतात. एकदा वर्ग संपल्यावर मागे थांबले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, डॉक्टरांनी प्रोस्टेट वाढलंय म्हणून सांगितलं. लेक सोबत होती, तिच्यासमोर काय विचारणार? मग घरी येऊन फोनला विचारलं." त्या एका वाक्यानं माझी शिकवण्याची पद्धत बदलली. म्हातारी माणसं रिकामटेकडी असतात म्हणून फोनमध्ये आजार शोधत बसतात, असं मीही तोवर कुठे तरी धरून चालले होते. खरं तर तपासणीच्या खोलीत जे विचारायचं राहून गेलं, ते विचारायला त्यांच्याकडे दुसरं कुणी नसतं.

तुमच्या अण्णांचंच बघा. ज्यांनी जन्मभर मुलांना "समजलं नाही तर विचारा" असं सांगितलं, त्यांच्या हातात रात्री एक इंग्रजी रिपोर्ट आला. त्यातला एक आकडा ठळक होता. तो ठळक का, हे सांगायला कुणी नव्हतं. डॉक्टरांची भेट पुढच्या महिन्यात, तुम्ही कामावरून दमून येणार म्हणून तुम्हाला फोन केला नाही. मग जो पहिला समोर येऊन ठामपणे बोलला, त्याचं त्यांनी ऐकलं. तो व्हिडिओवाला होता, एवढंच. तुम्ही व्हिडिओचं दार बंद केलंत ते काळजीपोटी, हे मला कळतं. पण त्याच दारातून त्यांचे मित्र, नातवाचे फोटो आणि सकाळच्या फिरण्याच्या वेळाही येत होत्या. म्हणून आधी फोन होता तसा करून द्या आणि स्पष्ट म्हणा, "अण्णा, मी न विचारता तुमच्या फोनला हात लावला, ते चुकलं. तो आकडा बघून तुम्ही घाबरला असाल, तेव्हा मी असायला हवं होतं." पुढे लगेच "पण" जोडू नका. त्या दिवशी एवढंच बोला.

मग एका रविवारी दोघं मिळून तोच व्हिडिओतला दावा शोधायला बसा. ज्या प्रश्नानं भांडण झालं तोच आधी घ्यायचा, कारण त्याचं उत्तर अण्णांना खरोखर हवं आहे आणि ते शोधता शोधता बाकीचं सगळं शिकवता येतं.

फोन त्यांच्याच हातात राहू द्या. हे मी वर्गात शिकवायला येणाऱ्या प्रत्येक नातवंडाला सांगते. "द्या इकडे, मी करून देतो" म्हटलं की समोरचं माणूस शिकायचं थांबतं. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करा. मराठी टाइप करणं जड जात असेल तर शोधायच्या चौकटीतलं माइकचं चिन्ह दाखवा. त्यावर बोट ठेवून नेहमीसारखं मराठीत बोललं की शब्द आपोआप उमटतात. शिक्षकांचे उच्चार स्वच्छ असतात, अण्णांना हे आवडेल. शेजारी एक २०० पानी वही आणि पेन ठेवा. वहीचं काम पुढे येईलच.

आता प्रश्न कसा विचारायचा, इकडे लक्ष द्या. "मधुमेहाच्या गोळीने किडनी खराब होते का" असं विचारलं की हो म्हणणारी पानं आणि व्हिडिओ ढिगानं समोर येतात, कारण उत्तर आपण प्रश्नातच घालून दिलेलं असतं. "साखर मुळापासून घालवण्याचे उपाय" म्हटलं की दुकानं उघडतात. त्याऐवजी गोळीच्या पट्टीवर छापलेलं औषधाचं मूळ नाव घ्या आणि साधं विचारा, "मेटफॉर्मिन आणि किडनी" किंवा "मेटफॉर्मिन कोणी घेऊ नये". मूळ नाव म्हणजे कंपनीनं ठेवलेलं नाव नव्हे, त्याच्या आसपास बारीक अक्षरांत असतं ते. अण्णांना भिंग लागेल. फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून मोठा करून बघणं त्याहून सोपं. नाव एकेक अक्षर जुळवून बघायचं, कारण एकमेकांसारखी दिसणारी औषधांची नावं पुष्कळ आहेत.

शोधल्यावर तुम्हाला काय सापडेल ते सांगते, म्हणजे नीट वाचलंत की नाही हे पडताळता येईल. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. मात्र ते शरीराबाहेर टाकायचं काम किडनीच करते. म्हणून किडनी आधीच बरीच मंदावली असेल तर ते रक्तात साचू शकतं, आणि डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात. त्यासाठी ते क्रिएटिनिनच्या एकट्या आकड्यावर थांबत नाहीत. त्यावरून आणि वयावरून ई-जीएफआर नावाचा, किडनी रक्त किती गाळते हे सांगणारा आकडा काढतात. तो ४५ च्या खाली आला की मात्रेचा फेरविचार होतो, ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन बंद करतात. अण्णांच्या वयाच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ असेल तर ई-जीएफआर साधारण ५० च्या आसपास येतो. किडनीकडे लक्ष ठेवायला हवं, हे त्यातून नक्की दिसतं. पण केवळ या आकड्यावरून गोळी थांबवावी, असं दिसत नाही. शेवटचं डॉक्टरच ठरवतील, कारण त्यांना मागच्या वर्षीचा आकडाही बघायचा असतो. तो जुना रिपोर्ट शोधून सोबत न्या.

म्हणजे व्हिडिओत खऱ्याचा एक कण होता. किडनीचा आणि या गोळीचा संबंध आहेच, फक्त तो उलटा सांगितला. हे अण्णांना अगदी असंच सांगा. "तुम्ही फसलात" असं नका म्हणू. "तुमची शंका बरोबर जागी होती, उत्तर देणारा चुकीचा होता" असं म्हणा. आणि जी गोष्ट खरोखर किडनी खराब करते ती म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब, हे त्यांना त्यांच्याच बोटानं शोधलेल्या पानावर वाचू द्या. ज्या भीतीनं गोळी सोडली, त्याच भीतीपोटी ती का घ्यायची हे त्यांना तिथे दिसेल. माझ्या किंवा तुमच्या सांगण्यापेक्षा ते जास्त टिकतं.

त्याच वाचनात त्यांना दिसेल की मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. पायांना मुंग्या येतात का, बी-१२ कधी तपासलं होतं का, हा प्रश्न वहीत लिहा. डॉक्टरांना विचारण्यासारखा चांगला प्रश्न आहे, आणि तो अण्णांनी स्वतः शोधलेला असेल.

कुठे वाचावं याबद्दल मी सरळ सांगते. औषधांची इतकी बारकाव्यानं दिलेली, नियमित सुधारली जाणारी माहिती मराठीत फार थोडी आहे. मला याचं दुःख वाटतं. जिथे मी स्वतः बघते त्या जागा इंग्रजीत आहेत: जागतिक आरोग्य संघटनेची आजारांवरची माहितीपत्रकं, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची औषधांची पानं आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस. एनएचएसचं इंग्रजी इतकं सोपं असतं की अण्णांना निम्मं तसंच कळेल. उरलेल्यासाठी ब्राउझरमध्ये भाषांतराची सोय आहे, पण यंत्राच्या भाषांतरात दोन गोष्टी पुन्हा मूळ पानावर बघायच्या: आकडे आणि नकार. "घेऊ नये" मधला "न" हरवला तर काय होईल, हे शिक्षकाला सांगायला नको. शिवाय तिथले मोजमापाचे एकक कधी कधी वेगळे असतात. ब्रिटनमध्ये रक्तातली साखर आपल्यासारखी १२०, १५० अशी लिहीत नाहीत, ५ किंवा ७ अशी लिहितात. ते बघून आईंना वाटायचं साखर संपली!

शोधल्यावर अगदी वर बऱ्याचदा "प्रायोजित" असं लिहिलेले दुवे येतात. त्या पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. वर्गात मी सगळ्यांना आधी तोच शब्द शोधायला लावते. हल्ली वर आयता लिहिलेला सारांशही येतो, किंवा लोक चॅटजीपीटीला विचारतात. त्याची भाषा गोड आणि ठाम असते, चूक असली तरी तेवढीच ठाम. डॉक्टरांना काय विचारावं याची यादी काढायला तो उपयोगी पडतो, तेवढ्यापुरता वापरा. गोळीची मात्रा त्याच्याकडून घ्यायची नाही, आणि रिपोर्ट त्यात टाकताना नाव, मोबाइल नंबर, आधार क्रमांक झाकायचे.

अण्णांना एक कायदा सांगा. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आपल्याकडे १९५४ सालापासून आहे. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, कर्करोग अशा कितीतरी आजारांची त्यात यादी आहे, आणि ते बरे करण्याचा दावा करत औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. म्हणजे "९० दिवसांत मधुमेह मुळापासून बरा" अशी पुडी विकणारा माणूस त्या वाक्यातच कायदा मोडतो. आमच्या वर्गातल्या निवृत्त मंडळींवर या माहितीचा फार परिणाम होतो. "माझा विश्वास नाही" म्हणण्यापेक्षा ग्रुपवर "हे कायद्यात बसत नाही" असं लिहायला त्यांना जास्त बरं वाटतं. नामांकित डॉक्टरांचे चेहरे आणि आवाज वापरून केलेले बनावट व्हिडिओही फिरतात. व्हिडिओच्या शेवटी फोन नंबर किंवा "आत्ता ऑर्डर करा" आलं की चेहरा कुणाचाही असो, तो दुकानदार समजायचा.

व्हॉट्सअॅपवर संदेशाच्या वर दुहेरी बाण दिसला तर तो बऱ्याच हातांतून फिरत आलाय, मूळ कुणाचा ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. पण "माझ्या मित्रानं पाठवलाय" हा विश्वास तिथे गळून पडायला हवा.

एका संदेशाबद्दल मात्र मी हात जोडून सांगते, कारण तो वर्षानुवर्षं फिरतोय आणि मी वॉर्डात त्याचे परिणाम पाहिलेत. पक्षाघाताचा झटका आला तर सुईनं दहाही बोटं टोचून रक्त काढा, माणूस उठून बसेल, असा तो संदेश. हे साफ खोटं आहे. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. कराडसारख्या ठिकाणाहून रुग्णालयात पोहोचणं, स्कॅन, रक्ततपासणी, सगळं त्यात बसवायचं असतं. घरात सुई शोधण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. एका आजोबांना मुलांनी आणलं तेव्हा बोटांना कापूस गुंडाळलेला होता आणि ५ तास उलटून गेले होते. मुलं प्रेमळ होती, धावाधाव करणारी होती. त्यांना कुणी खरं सांगितलं नव्हतं, इतकंच. तेव्हा आई-अण्णा दोघांच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हे लिहा: तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक झालं तर किती वाजले ते बघा आणि १०८ लावा.

आता आई. त्यांना हसू नका, "नेटवर बघू नको" असंही नका म्हणू. रात्री एकटीनं लक्षण टाकलं की साध्या जळजळीतून मोठ्या आजारापर्यंत पोहोचायला दोन मिनिटं लागतात. म्हणून त्यांच्याशी एक ठरवा: रात्री काही वाटलं तर ते वहीत लिहायचं, कधी सुरू झालं, किती वेळ राहिलं, काय खाल्लं होतं. सकाळी तुम्हाला फोन. पण या नियमाला अपवाद हवा. छातीत दडपण किंवा जळजळ, सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर वही नाही आणि सकाळही नाही, लगेच १०८. बायकांमध्ये हृदयविकार पुष्कळदा छातीत कळ न येता, नुसती धाप, मळमळ किंवा थकवा असाही येतो, आणि बायका तो पित्तावर घालवतात.

जे तातडीचं नाही पण विचारायचं आहे, त्यासाठी केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा आहे. मोबाइल नंबरनं नोंदणी होते, व्हिडिओवर डॉक्टर बोलतात, औषधाची चिठ्ठी मिळते, पैसे लागत नाहीत. पहिल्यांदा तुम्ही सोबत बसून करून द्या. मनाचीच घालमेल जास्त असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. रडू येतंय एवढं कारणही तिथे पुरतं.

अण्णांचा फोनवरचा विश्वास परत यावा म्हणून त्यांना एक चांगली गोष्टही शोधायला लावा. ७० वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे आणि योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यास कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात येतात. अण्णांनी ते काढलंय का? आयुष्मान अॅपवर आधारच्या साहाय्यानं निघतं. कराड-साताऱ्यातली कोणती रुग्णालयं यादीत आहेत हे त्यांनाच शोधून काढू द्या, आणि जाण्याआधी त्या रुग्णालयात फोन करून खात्री करायला सांगा. अडलं तर योजनेचा मदत क्रमांक १४५५५. या कार्डासाठी स्वतःहून फोन करून कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवायचा. चुकून दिलाच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला कळवायचं. "आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा" हे तुम्ही आत्ताच बोलून ठेवा. माझ्या वर्गातल्या एका बाईंनी मुलगा ओरडेल या भीतीनं ४ दिवस कुणाला सांगितलं नाही, आणि पैसे परत मिळायची वेळ निघून गेली.

आणखी एक. त्यांनी काय काय शोधलं ते मागून उघडून बघू नका. त्या पोस्टमनकाकांसारखं काही अण्णांचंही असेल. त्यांना वाटलं तर ते वहीत लिहितील, नाही तर थेट डॉक्टरांना विचारतील. पुढच्या भेटीला वहीतले ३ प्रश्न निवडून न्यायला सांगा आणि विचारायची पद्धत शिकवा: "मी असं वाचलं, ते मला लागू आहे का?" "नेटवर लिहिलंय तुम्ही चुकीची गोळी दिलीत" असं म्हटलं की डॉक्टरही ताठर होतात. तुम्ही सोबत गेलात तर ५ मिनिटं बाहेर बसा.

कराडला बसाल तेव्हा एक मात्र नीट पाहा. अक्षरं मोठी करूनही अण्णा फोन लांब-जवळ करत राहिले, ओळ मधूनच पुसट दिसते म्हणाले, तर तो चष्म्याचा नंबर आहे असं धरून चालू नका. मधुमेहात डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी दरवर्षी व्हावी लागते, बाहुली मोठी करणारे थेंब घालून. १२ वर्षांत ती किती वेळा झाली, हे त्यांना विचारा. आठवत नसेल तर परत निघण्याआधी नेत्रतज्ज्ञांची वेळ घेऊनच या.